आई-बाबांना घेऊन अलास्काची क्रूझ: सिएटलहून सात रात्रींचा बेत असा आखा

दर वर्षी एप्रिल-मे आला की ओळखीच्या दोन-तीन घरांतून तोच फोन येतो. "आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेत. यलोस्टोनला इतके तास गाडीत बसवणार नाही, आणि नुसतं घरी बसून कंटाळलेत. अलास्काची क्रूझ कशी असते गं?" मी दोनदा जाऊन आले आहे, एकदा आई-बाबांना घेऊन आणि एकदा सासू-सासऱ्यांना. दोन्ही वेळा सिएटलहून निघून सिएटललाच परत. गुडघे दुखतात पण पाहायची हौस अजून संपलेली नाही, अशा माणसांसाठी मला याहून चांगली सहल माहीत नाही. बॅग एकदाच उघडायची. रात्री झोपायचं आणि सकाळी पडदा सारला की नवा डोंगर समोर उभा.

मात्र बेत आखताना सुरुवात जहाजाच्या फोटोंपासून करू नका. घरातलं सगळ्यांत हळू चालणारं माणूस कोण आहे ते बघा आणि त्याच्या पावलांनी सगळं ठरवा. केबिन कुठली, बंदरावर काय पाहायचं, बॅगेत काय भरायचं, हे सगळं त्यातून आपोआप ठरत जातं.

पहिलं काम कॅनडाच्या व्हिसाचं

नाव अलास्का, निघायचं सिएटलहून, दोन्ही अमेरिकेतच. मग कॅनडाचा संबंध काय, असं सगळ्यांनाच वाटतं. अमेरिकेत १८८६चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्याच दोन बंदरांमध्ये उतारू ने-आण करता येत नाही, आणि फेरी मारून परत यायचं तर वाटेत एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा असल्या देशांत नोंदवलेली असतात. म्हणून सिएटलहून निघणारं जहाज कॅनडात थांबतं, बहुतेकदा शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरियाला, चार-पाच तास.

भारतीय पासपोर्टवर कॅनडाला जायचं तर व्हिसा लागतो. "आम्ही व्हिक्टोरियाला उतरणारच नाही" म्हणून चालत नाही. व्हिसा जहाजावर चढण्याआधीच तपासतात. आमच्या पुढे रांगेत एक कुटुंब होतं. आजी-आजोबा, नातवंडं, सगळ्यांच्या अंगावर एकसारखे निळे टी-शर्ट. आजोबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, कॅनडाचा नव्हता. अर्धा तास बोलणी झाली आणि सगळं कुटुंब बॅगा ओढत परत गेलं. त्या आजोबांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. माझ्या लिहिण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

हा अर्ज आई-बाबा भारतात असतानाच करून टाका. बोटांचे ठसे द्यावे लागतात, पासपोर्ट जमा करावा लागतो आणि त्यात काही आठवडे सहज जातात. इथे आल्यावर करता येतो, पण मग पासपोर्ट अडकून पडतो आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. तुम्ही स्वतः एच-१बी या कामाच्या व्हिसावर असाल तर तुम्हालाही कॅनडाचा व्हिसा लागेल. ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत. आणि परत येताना अमेरिकेत पुन्हा प्रवेश करायचा असतो, त्यामुळे आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा अनेकदा प्रवेश देणारा आहे ना, तेही पाहून घ्या.

महिना, मार्ग आणि केबिन

हंगाम एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मे महिन्यात पाऊस त्यातल्या त्यात कमी, डोंगरांवर बर्फ भरपूर आणि दरही उतरलेले. जून-जुलैत दिवस प्रचंड मोठा. जूनअखेरीस वाटेतल्या जुनो बंदरावर सुमारे अठरा तास उजेड असतो. शाळेला सुट्टी असल्यामुळे गर्दी आणि दर दोन्ही चढतात. सप्टेंबर स्वस्त, पण पावसाचा. मुलांची शाळा आड येत नसेल तर मी मेचा शेवटचा आठवडा घेईन. सासू-सासऱ्यांना ऑगस्टमध्ये नेलं होतं. तेव्हा ओढ्यांत सॅमन मासे पाहायला मिळाले, पण थंडगार डोंगरांवरचं बर्फ बरंच कमी झालं होतं.

मार्ग निवडताना एकच प्रश्न विचारा: जहाज कुठल्या हिमनदीपाशी जाणार? सगळी जहाजं ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात जात नाहीत. उन्हाळ्यात तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांनाच परवानगी असते आणि ती ठरावीक कंपन्यांकडे आहे. सिएटलहून जाणाऱ्यांत प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि नॉर्वेजियन यांची काही जहाजं तिथे जातात. बाकीची एंडिकॉट आर्म या खाडीकडे किंवा हबर्ड हिमनदीकडे वळतात. तीही सुंदरच आहेत, पण निवड करता येत असेल तर मी ग्लेशियर बेच घेईन. का ते पुढे सांगते.

पाण्यावरच्या घसरगुंड्या, गो-कार्ट, बारा-पंधरा रेस्टॉरंटं यांच्यावरून जहाज निवडायचं असेल तर मुलांना विचारा. आई-बाबांना त्यातलं काही लागत नाही. त्यांच्यासाठी मध्यम आकाराचं जहाज बरं, कारण केबिनपासून जेवणघरापर्यंतचं चालणं कमी पडतं. फार मोठ्या जहाजाचा कॉरिडॉर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हजार फुटांच्या वर जातो, आणि तो दिवसातून सहा-आठ वेळा पार करावा लागतो.

केबिन मधोमध आणि शक्यतो खालच्या मजल्यांवर घ्या. पाळण्यात मधली जागा सगळ्यांत कमी हलते, तसंच जहाजाचं आहे. लिफ्टपासून चार-पाच दारं सोडून असावी. पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खाली किंवा नाटकगृहाच्या बरोबर वर घेऊ नका, रात्री खुर्च्या सरकवल्याचे आवाज येतात. एरवी कॅरिबियनला मी बाल्कनीवर पैसे घालायला सांगणार नाही. अलास्काला मात्र सांगेन. ज्यांना फार उतरायचं नाही त्यांच्यासाठी तीच खरी सहल. आई रोज सकाळी साडेपाचला शाल गुंडाळून बाल्कनीत बसायची, जप करत. तिसऱ्या दिवशी तिने मला हलवून उठवलं, कारण देवमाशाने तिच्यासमोर पाण्याचा फवारा सोडला होता.

पूर्ण पैसे साधारण निघण्याच्या नव्वद दिवस आधी भरायचे असतात. तोवर दर उतरला तर बऱ्याच कंपन्या कमी दराने लावून देतात, पण विचारावं लागतं. महिन्यातून एकदा फोन करा. एका केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं पहिल्या दोघांपेक्षा बरंच कमी असतं. तरी आई-बाबांना वेगळी केबिनच घ्या, आणि मधलं दार उघडणाऱ्या जोडकेबिना मिळाल्या तर उत्तम. वरचे खर्च आधीच मनात धरा. कर्मचाऱ्यांची बक्षिसी माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर आपोआप लागते, मुलांनाही. वायफाय वेगळं, कोल्ड्रिंक वेगळं, बंदरावरच्या सहली वेगळ्या.

विमा मागे टाकू नका. जहाजावर डॉक्टर असतात, छोटा दवाखाना असतो, पण बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं आणि ते जड असतं. आई-बाबांसाठी घेतलेला व्हिजिटर विमा जहाजावर आणि कॅनडात चालतो का, आणि आणीबाणीत हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर तो खर्च त्यात बसतो का, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

बॅगेत काय, हातात काय

धक्क्यावर पोहोचलात की मोठ्या बॅगा हमाल घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होते. पहिल्या खेपेला मी बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत ठेवल्या होत्या. बॅग रात्री साडेआठला आली. तोवर मी तीन वेळा खाली जाऊन विचारून आले. तेव्हापासून औषधं, पासपोर्ट, चष्मे, कवळीची डबी, एक स्वेटर आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीतच.

कपडे एकावर एक घालता येतील असे घ्या: आत थर्मल, वर स्वेटर, सगळ्यांत वर पाऊस अडवणारं जाकीट. छत्री नको, वाऱ्यात टिकत नाही. कानटोपी आणि हातमोजे जुलैतही लागतात, कारण हिमनदीवरून येणारा वारा हाडापर्यंत जातो. बुटांचा तळ न घसरणारा हवा. घरात दुर्बीण असेल ती घ्याच, आणि एक नव्हे, दोन. केबिनच्या भिंती लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक नेलेत तर ओली जाकिटं टांगायची छान सोय होते. इस्त्री, किटली, राइस कुकर नेऊ नका. आगीच्या भीतीने ते चालत नाहीत आणि बॅग अडकते.

मग चहाचं काय? गरम पाणी बुफेच्या मजल्यावर कधीही मिळतं, पण उकळलेला चहा मिळत नाही. तयार मसाला चहाची पाकिटं नेली तर आई-बाबांची सकाळ सुखाची होते. लाडू, चिवडा, बंद बाटलीतलं लोणचं, मेतकूट न्यायला हरकत नाही. ताजी फळं आणि घरचं शिजवलेलं नको. आणि जहाजावरचं सफरचंद किंवा सँडविच पिशवीत घालून बंदरावर उतरू नका, त्याला मनाई असते.

चढण्याचा दिवस

दुसऱ्या गावाहून येत असाल तर आदल्या दिवशीच सिएटलला पोहोचा. विमान चार तास उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही. सिएटलला क्रूझचे धक्के दोन आहेत, पिअर ६६ आणि पिअर ९१. तिकिटावर कुठला आहे ते नीट बघा. आई-बाबांसाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. "मला काय झालंय?" असं बाबा म्हणतीलच. त्यांना सांगा की रांग दीड तासाची असू शकते.

वर गेल्यावर सुरक्षेची कवायत असते. १३ जानेवारी २०१२ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडालं तेव्हा काही उतारूंची कवायत झालीच नव्हती. आता ती निघण्याआधीच घेतात. बराचसा भाग फोनवर किंवा टीव्हीवर दाखवतात, त्यामुळे आई-बाबांकडून ती नुसती उरकून टाकायचा मोह होतो. तसं करू नका. सात आखूड भोंगे आणि एक लांब म्हणजे जमायची वेळ, आणि जमायचं कुठे, ती जागा त्यांच्याबरोबर चालत जाऊन दाखवा. तेव्हा लिफ्ट वापरायची नसते, म्हणून जिना कुठे आहे तेही. जिना उतरता येत नसेल तर कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

त्याच संध्याकाळी जेवणघरातल्या मुख्य वाढप्याला भेटा. शाकाहारी आहात, अंडं चालतं की नाही, सूपमध्ये माशाचा किंवा कोंबडीचा रस नको, हे स्पष्ट बोला. त्यांच्या शाकाहारात अंडं सहज धरलेलं असतं. बऱ्याच जहाजांच्या स्वयंपाकघरात भारतीय आचारी असतात. आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी डाळ, भाजी, भात, कधी पोळीसुद्धा येते. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. आमचा वाढपी गोव्याचा होता. दुसऱ्या रात्री त्याने आईसमोर न सांगता दही-भाताची वाटी ठेवली, आणि तिथून पुढे ती त्याच्याशी मालवणीत बोलत होती आणि तो कोंकणीत.

जेवणाआधी हात साबणाने धुवा. जहाजावर जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो आणि हाताला चोळायच्या सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही.

बोट लागली तर

सिएटलहून निघालेली जहाजं बऱ्याचदा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या समुद्रातून वर जातात. त्यामुळे पहिली रात्र आणि दुसरा दिवस जरा हलतो. पुढे बेटांच्या आडोशाला गेलं की पाणी तलावासारखं शांत. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याच्या आधीच घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. या गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना त्या चालतीलच असं नाही. डॉक्टरांना आधी विचारा. आलेपाक किंवा सुंठीची गोळी, पोट रिकामं न ठेवणं, आणि उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत बसणं, एवढ्यावर माझ्या आईचं भागलं.

बाबांना काहीच झालं नाही. ते लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला आगबोटीने जात, आणि बोट बंदराबाहेर नांगर टाकून उभी राहिली की पडावात उतरून किनारा गाठत. क्रूझवर काही बंदरांत अजून तेच असतं: जहाज दूर उभं राहतं आणि छोट्या बोटीने नेतात. हलत्या बोटीत पाय टाकणं ज्येष्ठांना जड जातं. सिएटलच्या फेऱ्यांत बहुतेक ठिकाणी जहाज थेट धक्क्याला लागतं, तरी वेळापत्रकात बघून घ्या.

बंदराचा दिवस

आधी घड्याळ. अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे आहे. जहाज कधी वेळ बदलतं, कधी बदलत नाही, आणि फोन मात्र जवळच्या टॉवरची वेळ दाखवतो. तास चुकला तर जहाज चुकलं. बाबांनी त्यांचं चावीचं एचएमटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलं आणि सात दिवस आम्ही सगळे त्याच्यावरच चाललो. जहाज सुटायच्या अर्धा तास आधी सगळे वर हवेत. तुम्ही तासभर आधी पोहोचा. जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय करतं. बाहेरून घेतलेल्या सहलीचं तसं नाही, पण ती स्वस्त असते आणि गटही लहान असतो. माझा नियम असा: लांबची सहल जहाजाकडून, गावातली आपली आपण. समुद्रात असताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या टॉवरचं रोमिंग भरमसाट लागतं.

जुनो ही अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून रस्त्याने जाता येत नाही, फक्त जहाजाने किंवा विमानाने. इथे दोन गोष्टी आहेत, मेंडेनहॉल हिमनदी आणि देवमासे. ज्येष्ठांबरोबर दोन्ही एका दिवसात जमतात, पण बरोबर एकच जोडसहल घ्या, स्वतः बसा बदलत बसू नका. मेंडेनहॉलला समोरचं दृश्य पाहायला छोटीशी डांबरी पायवाट आहे, चाकाची खुर्चीही जाते. नगेट धबधब्याची वाट सपाट आहे, पण जाऊन-येऊन दोन मैल. तिथे मुलांना घेऊन एकाने जावं, दुसऱ्याने आई-बाबांजवळ बसावं. देवमाशांची बोट ऑक बेहून सुटते. हिवाळ्यात हवाईच्या गरम पाण्यात पिल्लं देणारे हंपबॅक जातीचे देवमासे उन्हाळ्यात खायला इथे येतात. शेपटी वर आली की तो खोल गेला, आता पाच-सात मिनिटं वाट बघायची. बोटीवर संडास आहे ना, हे बुकिंग करताना विचारा. माणशी शे-दीडशे डॉलरच्या पुढेच जातं, आणि माझ्या मते या सहलीत पैसे घालायचे तर इथेच घालावेत.

स्कॅगवेला आगगाडीत बसा. १८९७-९८ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकला सोन्यासाठी लोकांची धावपळ उडाली, तेव्हा १८९८ ते १९०० या काळात हा तीन फुटी नॅरोगेज मार्ग बांधला. वीस मैलांत ती जवळजवळ २,९०० फूट चढते. नेरळ-माथेरानच्या गाडीत बसलेल्या माणसाला ही चढण लगेच ओळखीची वाटते. वर जाताना डावीकडे बसा. पावणेतीन-तीन तास, डब्यात ऊब, संडासाची सोय, आणि पायाला काही त्रास नाही. कॅनडाच्या हद्दीत पुढे जाणारी लांबची फेरी घेतली तर पासपोर्ट बरोबर हवा.

केचिकनला वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला त्याचं अप्रूप नाही. गाव धक्क्यालाच लागून आहे. लाकडी खांबांवर उभ्या क्रीक स्ट्रीटपर्यंत रमतगमत जा, मूळ रहिवाशांचे कोरलेले टोटेम खांब पाहा, भिजलात तर परत या. इथे सहल घेण्याची गरज नाही.

हिमनदीचा दिवस

या दिवशी उतरायचं काही नसतं, तरी सगळ्यांत जास्त तयारी याच दिवसाची करा. ग्लेशियर बेमध्ये सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून जहाजावर चढतात आणि दिवसभर माईकवरून सांगत राहतात. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेने इथला किनारा मापला तेव्हा खाडी नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. आता बर्फ गाठायला पासष्ट मैल आत जावं लागतं. मी मुलांना हे आदल्या रात्री सांगून ठेवलं होतं, म्हणून सकाळभर जहाज आत आत जात राहिलं तेव्हा ती कंटाळली नाहीत. प्रत्येक मैल कधीतरी बर्फ होता, हे त्यांना कळत होतं.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबतं आणि जागच्या जागी हळूहळू फिरतं, त्यामुळे कुठल्या बाजूला केबिन आहे याची चिंता नको. समोरचा कडा मैलभर रुंद आणि पाण्याच्या वर अडीचशे फूट. रंग पांढरा नाही, निळा. बर्फ इतकं दाबलं गेलेलं असतं की ते प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतं. नाश्ता लवकर उरका, सगळे कपडे चढवा, आणि आई-बाबांना बाल्कनीत खुर्ची, पांघरूण आणि गरम चहा देऊन बसवा. वरच्या डेकवर वारा आणि गर्दी दोन्ही असतात.

मग गप्प बसून ऐका. आधी बंदुकीसारखा एक आवाज होतो. नजर तिकडे जाईपर्यंत काही दिसत नाही. मग कड्याचा एक तुकडा सावकाश सुटतो, अगदी आवाज न करता पाण्यात जातो, पाणी वर उसळतं, आणि त्यानंतर गडगडाट तुमच्यापर्यंत येतो. इतकं अंतर मधे आहे, हे तेव्हाच कळतं. बाबा त्या तासात एक शब्द बोलले नाहीत. फोनवर व्हिडिओ घेत बसाल तर हे निसटेल. घरातल्या एकालाच ते काम द्या.

शेवटची रात्र आणि नंतर

व्हिक्टोरियाला जहाज बहुतेकदा रात्री लागतं. विधिमंडळाच्या इमारतीवर दिव्यांच्या माळा असतात, पण धक्क्यापासून ती दीड-दोन किलोमीटर लांब आहे. आई-बाबा दमले असतील तर राहू द्या.

त्या रात्री मोठ्या बॅगांना चिठ्ठ्या लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या सकाळी धक्क्यावर मिळतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि चपला-बूट आत ठेवलेत ना, हे प्रत्येकाचं वेगळं तपासा. बॅग स्वतः ओढू शकणारे सगळ्यांत आधी उतरतात. आई-बाबांबरोबर असाल तर शेवटचा गट मागून घ्या आणि शांतपणे नाश्ता करा. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.

उतरताना इमिग्रेशनचे अधिकारी पासपोर्ट बघतात. कॅनडाला जाऊन आलो म्हणून आई-बाबांना नवे सहा महिने मिळतील असं धरून चालू नका. घरी पोहोचल्यावर त्यांचा आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद, सरकारी संकेतस्थळावर उघडा, परत जायची शेवटची तारीख कुठली दिसते ते वाचा, आणि भारताच्या तिकिटाच्या तारखेशी ताडून पाहा.